दहा हजार तास कोणाचे? एका गाजलेल्या पेपरचं वाशिममधून वाचन

वाद्य शिकणाऱ्या माणसाला एक आकडा कधी ना कधी ऐकावाच लागतो: दहा हजार तास. कशातही पारंगत व्हायचं तर एवढे तास घालावे लागतात, असं प्रेरणादायी भाषणांत सांगतात, क्लासच्या भिंतींवर लिहितात आणि आता पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या मुलांनाही ऐकवतात. आकड्याचं मूळ १९९३ च्या एका शोधनिबंधात आहे. घरोघरी तो पोचला २००८ मध्ये, माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' या पुस्तकामुळे. मूळ पेपर मात्र आकडा सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी उघडलेला असतो. आज तो उघडू या. पेपर व्हायोलिनवर आहे, पण आपण तो सॅक्सोफोन हातात घेऊन वाचू, कारण काही प्रश्न वाद्य बदललं की मगच दिसायला लागतात.

सॅक्सोफोनच का, ते आधी सांगतो. माझ्या ओळखीत गणिताचे एक सर आहेत, वाशिम जिल्ह्यातच शिकवतात. वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांनी सेकंडहँड अल्टो सॅक्सोफोन घेतला. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांचा सॅक्सोफोन लहानपणापासून ऐकलेला, तेवढीच प्रेरणा. दीड वर्ष नेटाने वाजवलं. मग कुठेतरी हा दहा हजारांचा आकडा वाचला आणि गणिताच्या मास्तरांनी जे करायचं तेच केलं, म्हणजे हिशेब मांडला. रोज पाऊण तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे. झाले वर्षाला २२५ तास. दहा हजाराला भागा. उत्तर येतं ४४ वर्षं आणि वर काही महिने. "पंच्याऐंशीव्या वर्षी मी काठी धरू का सॅक्सोफोन?" असं म्हणून त्यांनी वाद्य पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर गेली.

भागाकार बरोबर आहे. प्रश्न एवढाच की जी संख्या भागायला घेतली, ती सरांची होती का?

पेपरमध्ये नेमकं काय आहे

के. अँडर्स एरिक्सन, राल्फ क्राम्पे आणि क्लेमेन्स टेश-रोमर या तिघांचा हा पेपर 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक त्यांनी तीन गटांत घेतले: प्राध्यापकांच्या मते सर्वोत्तम असलेले दहा, चांगले असलेले दहा आणि संगीतशिक्षक होण्याचं शिक्षण घेणारे दहा. प्रत्येकाला विचारलं की वाद्य हातात घेतल्यापासून प्रत्येक वर्षी आठवड्याला साधारण किती तास एकट्याने सराव केलात? शिवाय एक आठवडा रोजनिशी लिहायला लावली.

निकाल असा: १८ व्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा सराव सरासरी ७,४१० तास, चांगल्या गटाचा ५,३०१ तास आणि शिक्षक गटाचा ३,४२० तास. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी दहा हजारांच्या पुढे गेली. तो प्रसिद्ध आकडा इथला.

आता पेन्सिल हातात घ्या आणि एकेक करून खुणा करू.

पहिली खूण 'सरासरी' या शब्दावर. सरासरी म्हणजे काही जण वर, काही जण खाली. दहा हजार ही पार करायची रेषा आहे असं पेपर म्हणत नाही. स्वतः एरिक्सन यांनीच नंतर हे जाहीरपणे मांडलं. 'पीक' (२०१६) या रॉबर्ट पूल यांच्यासोबतच्या पुस्तकात त्यांनी ग्लॅडवेल यांच्या नियमाचे दोष मोजून दाखवले. म्हणजे ज्या संशोधकाच्या नावावर नियम खपतो, त्यालाच तो मान्य नव्हता.

दुसरी खूण वयावर. हे वादक साधारण आठव्या वर्षी वाद्याला लागलेले. विशीपर्यंत बारा वर्षं, आणि त्यांच्या भोवती शिक्षक, आईवडील, शाळा असं सगळं उभं. पेपरमध्ये पियानोवादकांचा दुसरा अभ्यासही आहे आणि त्यात बारा हौशी वादक आहेत. 'हौशी' हा शब्द वाचून आपण खूश होतो, पण तपशील बघा: हे हौशीसुद्धा लहानपणीच शिकायला लागलेले आहेत. नोकरी लागल्यावर, चाळिशीत पहिला सूर काढणारा माणूस या पेपरमध्ये कुठेच नाही.

तिसरी खूण मोजण्याच्या पद्धतीवर. विशीतल्या माणसाने दहाव्या वर्षी आठवड्याला किती तास वाजवलं, ते आठवून सांगायचं. तुम्हाला आठवतं का, सातवीत असताना रोज किती अभ्यास करत होता? जो आज 'सर्वोत्तम' म्हणून निवडला गेला आहे त्याला आपलं बालपण जास्त कष्टाचं आठवणार, हा धोका आहेच.

चौथी खूण सगळ्यात महत्त्वाची. जे व्हायोलिन सोडून गेले ते नमुन्यात नाहीत. अकादमीपर्यंत पोचले तेवढेच मोजले. जास्त सराव केला म्हणून चांगलं वाजायला लागलं, की चांगलं वाजायला लागलं म्हणून जास्त सराव झाला, हे अशा मांडणीतून सुटं करता येत नाही. दुष्काळात तगलेल्या विहिरी मोजून विहीर कशी खणावी याचा नियम काढल्यासारखं हे आहे. आटलेल्या विहिरी किती खोल होत्या, ते कोणी विचारलंच नाही.

पुन्हा करून पाहिलं तेव्हा

२०१९ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी हाच अभ्यास नव्याने केला, प्रत्येक गटात १३ असे ३९ व्हायोलिनवादक घेऊन. मुलाखत घेणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला आहे हे कळणार नाही अशी काळजी घेतली. मूळ अभ्यासात ती नव्हती. निकाल विचार करायला लावणारा आहे. सर्वांत कमी तयारीच्या गटाचे विसाव्या वर्षापर्यंतचे तास सहा हजारांच्या आसपास, पण 'चांगले' आणि 'सर्वोत्तम' हे दोन्ही गट अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे चांगला आणि उत्तम यांच्यात तासांनी फरक पडलेला दिसला नाही. मूळ पेपरच्या आकड्यांनुसार गटांमधल्या फरकाचा ४८ टक्के हिस्सा सरावाने समजत होता, नव्या अभ्यासात तो २६ टक्के निघाला.

त्याआधी २०१४ मध्ये मॅकनमारा, हॅमब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले होते. संगीतात वादकावादकांतल्या फरकाचा सुमारे २१ टक्के हिस्सा अशा सरावाशी जोडता आला. काही लोक यावरून लगेच उलट्या टोकाला जातात: सराव बिनकामाचा, सगळं जन्मजात. तेही चूक. २१ टक्के ही लहान गोष्ट नाही. आणि उरलेले ७९ टक्के म्हणजे 'देणगी' असं कोणत्याही पेपरने सिद्ध केलेलं नाही. त्यात सुरुवातीचं वय असेल, मोजमापातली चूक असेल, शिक्षक असेल, घरची परिस्थिती असेल. उरलेल्या टक्क्यांना आपल्या आवडीचं नाव देऊन टाकायचं, ही संशोधनातली फार जुनी खोड आहे. सिनॉप्सिस लिहिताना ती आपल्यालाही लागते.

बँडवाल्याचे तास कुठे गेले?

आता माझा या पेपरवरचा मुख्य आक्षेप. एरिक्सन वादकाच्या दिवसाचे भाग पाडतात: काम, खेळ आणि जाणीवपूर्वक सराव. कामात मोबदला मिळतो, खेळात मजा येते, आणि सराव म्हणजे शिक्षकाने आखून दिलेली, सुधारणेसाठीच केलेली, कष्टाची कृती. तास मोजायचे ते फक्त तिसऱ्याचे.

ही व्याख्या घेऊन वाशिमच्या रस्त्यावर या. लग्नसराईत कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठेही जा, वरातीपुढे बँड असतो. त्यात सनईचं काम आता क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन करतात. बँडमधला सॅक्सोफोनवाला चालता चालता वाजवतो, ताशाच्या दणक्यात वाजवतो, नाचणाऱ्या पोरांनी 'पुन्हा तेच' म्हटलं की तेच गाणं पुन्हा उचलतो. नोटेशन बहुधा समोर नसतं, गाणं कानाने उचललेलं असतं. ओळखीचं गाणं दुसऱ्याच सुरात सुरू झालं तर तिथल्या तिथे जुळवून घ्यावं लागतं. अशी वीस लग्नसराया काढलेल्या माणसाचे जाणीवपूर्वक सरावाचे तास किती? वरातींपुरतं बोलायचं तर व्याख्येप्रमाणे शून्य. ते सगळं 'काम' झालं.

तरी तो वाजवतो. 'काश्मीर की कली' (१९६४) मधल्या रफींच्या गाण्यातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकून तो तुकडा भर वरातीत उभा करतो. मग तो शिकला कधी? पेपरच्या चौकटीत या प्रश्नाला उत्तर नाही, कारण चौकट अकादमीच्या घराला बसवलेली आहे. आपल्याकडे संगीत शिकण्याच्या कितीतरी वाटा त्या घराच्या बाहेरून जातात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं लहानपणीच सोल्फा आणि नोटेशन शिकली, त्यातले कितीतरी पुढे मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रात बसले. मनोहारी सिंग स्वतः वादकांच्या घरातले. कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वरम वाजवायचे. गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचं ठरवलं. ते हाती यायला सुमारे वीस वर्षं गेली, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ती वीस वर्षं तासांत मोजता येतीलही, पण त्या तासांत नेमकं चाललं होतं काय? कळा दाबून ठरावीक सूर देणाऱ्या वाद्यातून गमक कसं काढायचं, या प्रश्नाशी झगडा चालला होता. ते शिकवणारा शिक्षक उपलब्ध असणं शक्य नव्हतं, कारण ती वाटच नवी होती.

इथे २०१९ च्या अभ्यासातली एक बाजूची नोंद कामाची आहे. शिक्षकाने आखून दिलेल्या सरावापेक्षा स्वतः आखलेला सराव आपल्याला जास्त उपयोगी पडतो, असं त्या वादकांचं मत पडलं. वाशिमसारख्या ठिकाणी सॅक्सोफोनचा शिक्षक गाठायचा तर बहुधा अकोला-अमरावतीच्या बसची वेळ बघावी लागते, तेव्हा ही नोंद धीर देणारी आहे. पण लगेच टाळ्या वाजवू नका. त्या वादकांमागे अनेक वर्षांचं शिक्षकाकडचं शिक्षण होतं. स्वतः आखायचं कसं, हेही ते कोणाकडून तरी शिकलेले होते.

तास हे एकक कितपत खरं?

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक खटकतं. एकक ठरवलं की प्रत्येक एकक दुसऱ्यासारखं असावं, ही आपली पहिली अट. किलो म्हणजे किलो. सरावाचा एक तास हा दुसऱ्या तासासारखा असतो का?

साधा तापमानाचा प्रश्न घ्या. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर साधारण तीन सेंटने चढतो. (एका अर्धस्वराचे १०० सेंट.) जानेवारीची सकाळ आणि मे महिन्याची दुपार यांत आपल्याकडे २५ अंशांचा फरक सहज पडतो. नळीतली सगळी हवा बाहेरच्या तापमानाची असती, तर सूर सत्तरेक सेंटने सरकला असता. प्रत्यक्षात श्वासाने हवा आधीच गरम होत असल्यामुळे फरक त्याहून कमी पडतो, पण कानाला टोचण्याइतका असू शकतो. माउथपीस थोडा बाहेर ओढून सूर खाली आणायचा, हे मे महिना शिकवतो. कोरड्या हवेत रीड लवकर वाळते, तिचा पोत बदलतो. एकाच माणसाचा, एकाच वाद्यावरचा तास ऋतूप्रमाणे वेगळा काम करतो.

मग जागेचा प्रश्न. सॅक्सोफोनचा आवाज नुसता तोंडाच्या घंटेतून येत नाही, कळांखालच्या भोकांतूनही येतो. त्यामुळे घंटेत कापड कोंबून तो दबत नाही. गल्लीतल्या घरात रात्री नऊनंतर वाजवायचा तर शेजारधर्म आडवा येतो. काही लोक शेतावर जाऊन वाजवतात, पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतावर रियाज करतो म्हणणाऱ्याला घरचे काय म्हणतील, ते तुम्हीच ठरवा. गंमत अशी की १९९३ च्या पेपरमध्ये हा मुद्दा आहे. साधनांची अडचण, थकव्याची अडचण आणि प्रेरणेची अडचण, अशा तीन मर्यादा लेखकांनी स्वतः मांडल्या आहेत. पण ज्यांचे तास मोजले ते सगळे या मर्यादा पार करूनच अकादमीत आलेले. आकडा प्रसिद्ध झाला, मर्यादांची चर्चा मागे राहिली.

तासांऐवजी काय बघायचं?

नुसती टीका करून थांबलो तर सरांची पेटी कपाटावरच राहील. म्हणून सॅक्सोफोनवरचाच एक पेपर बघू. २००८ मध्ये जेर-मिंग चेन, जॉन स्मिथ आणि जो वुल्फ या सिडनीच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा पेपर छापला. वाजवणाऱ्याच्या तोंडात आणि घशात काय चालतं, ते त्यांनी वाजवणं चालू असतानाच मोजलं. माउथपीसमधून एक बारीक ध्वनी तोंडाच्या पोकळीत सोडायचा आणि ती पोकळी कोणत्या सुराला प्रतिसाद देते ते टिपायचं.

सॅक्सोफोनचा नेहमीचा पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा. त्याच्या वर 'अल्टिसिमो' नावाचा अतिशय चढा पल्ला असतो. त्या उंचीवर वाद्याच्या नळीचा स्वतःचा अनुनाद कमजोर पडतो. अनुभवी वादक तिथे आपल्या तोंडा-घशाची पोकळी त्या सुराच्या जवळ जुळवतात आणि मग सूर निघतो. ज्या हौशी वादकांना ही जुळवणी जमत नव्हती, त्यांना ते सूर काढताच आले नाहीत. नेहमीच्या पल्ल्यात मात्र असा ठाम संबंध दिसला नाही.

हा पेपर आणि दहा हजारवाला पेपर शेजारी ठेवा. एक सांगतो किती. दुसरा सांगतो काय. सरांसारख्या माणसाला दुसऱ्यातून लगेच दोन गोष्टी मिळतात. एक, सिनेगीताची चाल बहुतेक वेळा दोन सप्तकांत मावते. तिच्यासाठी अल्टिसिमोची गरज नाही, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली जी भिंत या पेपरने दाखवली तिला सरांचं गाणं शिवतही नाही. दोन, पुढे कधी ते चढे सूर काढायचे झाले, तर ओठ आवळून जोरात फुंकण्यात वर्षं घालवायची नाहीत, जिभेची आणि घशाची जागा शोधायची. हे सांगणारं एक वाक्य कित्येक तास वाचवू शकतं.

पण थांबा, इथेही खूण करा. याच गटाच्या २०११ च्या पेपरमध्ये असं दिसलं की सूर वाकवतानाही अनुभवी वादक पोकळीची मदत घेतात. आणि आपल्या गाण्यांत मींड तर लागतेच. म्हणजे सरळ सूर वाजवण्यापुरती सुटका आहे, गाणं 'गायला' लावायचं तर घसा शिकावाच लागेल. शिवाय हे अभ्यास मोजक्याच वादकांवर झाले आहेत, आणि ही जुळवणी वादक कधी व कशी शिकला ते त्यांतून कळत नाही. तज्ज्ञ आणि हौशी यांच्यातला फरक दाखवणं वेगळं, एकापासून दुसऱ्यापर्यंतची वाट दाखवणं वेगळं.

वाटेबद्दल थोडं इतरांनी पाहिलं आहे. २००९ मध्ये ड्यूक, सिमन्स आणि कॅश यांनी १७ पियानोवादकांना शोस्ताकोविच यांच्या एका कंचेर्तोतला छोटासा अवघड तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. किती वेळ घोटला, किती वेळा घोटला, यावरून दुसऱ्या दिवशीची क्रमवारी सांगता येत नव्हती. फरक पडला तो चूक झाल्यावर काय केलं यावरून. जे चांगले ठरले त्यांनी चूक नेमकी कुठे आहे ते धरलं, वेग कमी केला, तेवढाच भाग दुरुस्त होईपर्यंत सोडला नाही. २०१६ मध्ये कार्टर आणि ग्रान यांनी दहा क्लॅरिनेटवादकांवर दुसरं पाहिलं: एकच तुकडा सलग १२ मिनिटं घोटायचा, की तीन-तीन मिनिटांनी दोन तुकड्यांत अदलाबदल करायची? दुसऱ्या दिवशीच्या वादनात अदलाबदलीच्या बाजूने काहीसा कल दिसला. क्लॅरिनेट सॅक्सोफोनचा जवळचा नातेवाईक, दोन्ही एकाच रीडचे, म्हणून ही नोंद आपल्या कामाची.

पण वादक दहाच, आणि तेही तयारीचे. नवख्या माणसाला सूर अजून स्थिर लागत नाही, त्याने दर तीन मिनिटांनी तुकडा बदलला तर काय होईल? त्यासाठी हा पेपर पुरत नाही. आपल्याकडे उस्ताद आधी महिनोन्महिने खर्ज भरायला लावतात आणि मग पलट्यांकडे वळवतात. नवख्यासाठी तो क्रम बरोबर असू शकतो. 'असू शकतो' एवढंच म्हणतो. परंपरा आहे म्हणून सिद्ध झालं असं होत नाही, आणि पेपर नाही म्हणून परंपरा खोटी ठरत नाही.

प्रौढांवरचं संशोधन काय विचारतं?

तुम्ही म्हणाल, मोठ्या वयात वाद्य शिकणाऱ्यांवर संशोधन नाहीच का? आहे. पण त्यातल्या बऱ्याच संशोधनाचा प्रश्न वेगळा असतो. २००७ मध्ये जेनिफर ब्यूगोस आणि सहकाऱ्यांनी ६० ते ८५ वयाच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला आणि मोजलं काय, तर लक्ष आणि बौद्धिक कामाचा वेग. काही चाचण्यांत सुधारणा दिसली. चांगली गोष्ट आहे. पण इथे पियानो औषधासारखा वापरला आहे. औषध घेतल्यावर बीपी किती झाला ते विचारतात, गोळी चवीला कशी होती ते कोण विचारतो?

म्हणजे चित्र असं झालं. लहानपणी सुरू केलेल्यांना विचारतात, तू किती उत्तम वाजवतोस? मोठेपणी सुरू केलेल्यांना विचारतात, तुझ्या मेंदूला काही फायदा झाला का? चाळिशीतल्या माणसाला गाणं नीट वाजवायचं आहे, हा साधा हेतू दोघांच्या मधून निसटतो. मग त्या रिकाम्या जागेत दहा हजारांचा आकडा येऊन बसतो, आणि सरांसारखा समंजस माणूस तो स्वतःला लावून घेतो.

याची किंमत खरी आहे. वाद्य कपाटावर जातं एवढीच नाही. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी पेटच्या तयारीला लागलेली, मधली काही वर्षं नोकरीत किंवा शेतीत गेलेली कितीतरी मुलं-मुली मला भेटतात. 'आता उशीर झाला' हे त्यांचं वाक्य सरांच्या भागाकाराचंच भावंड आहे. ज्यांनी विसाव्या वर्षीच प्रयोगशाळा पाहिली, त्यांची सरासरी घेऊन हे स्वतःला मोजतात.

मग हा अभ्यास करायचा तर कसा?

टीका लिहिली की पुढचा प्रश्न आपलाच असतो: तू काय करशील? समजा संशोधनासाठी हा विषय घ्यायचा ठरवला. माझी मांडणी अशी राहील.

तिशीनंतर पहिल्यांदा सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेट हातात घेतलेली माणसं घ्यायची, पश्चिम विदर्भातली. संख्या कमी मिळेल, ते मान्य करून सुरुवातीलाच लिहून टाकायचं. आठवून सांगायला लावायचं नाही, दर महिन्याला एकाच गाण्याचा एकच तुकडा रेकॉर्ड करायचा. शिक्षक, बँडवाले आणि सामान्य श्रोते, अशा तिघांकडून ऐकवून गुण घ्यायचे, कोणाचं आणि कोणत्या महिन्याचं वादन आहे हे न सांगता. तास मोजायचे, पण त्यासोबत त्या तासात काय केलं तेही दोन ओळींत लिहून घ्यायचं: कुठे अडलं आणि अडल्यावर काय केलं. बँडमध्ये वाजवलेला वेळ 'काम' म्हणून फेकून न देता वेगळ्या रकान्यात ठेवायचा. ऋतू नोंदवायचा, लग्नसराई नोंदवायची, काढणीचे दिवस नोंदवायचे.

आणि जो सोडून जाईल त्याचं नाव यादीतून खोडायचं नाही. त्याने कोणत्या महिन्यात सोडलं, तोपर्यंत रेकॉर्डिंग सुधारत होतं की थांबलं होतं, आणि सोडण्याचं कारण त्याच्या शब्दांत, हे सगळं ठेवायचं. माझा अंदाज आहे की सोडणाऱ्यांपैकी काहींचं वादन सोडतानाही सुधारतच असेल. अंदाज चुकीचा निघाला तरी हरकत नाही, रकाना तयार असला पाहिजे.

सरांना मी हा सगळा हिशेब दाखवला. त्यांनी भागाकार खोडला नाही, भाज्य खोडलं, आणि त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. गणिताच्या माणसाकडून याहून चांगलं परीक्षण मला मिळालं नसतं. पुढचा कोणताही गाजलेला आकडा समोर आला की तेवढंच करा: भागायला बसण्याआधी तो कोणाचा आहे ते पेपरच्या नमुन्याच्या परिच्छेदात जाऊन बघा. तो परिच्छेद सहसा तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो, आणि वाचायला दहा मिनिटं पुरतात.